एक संगणक, अनेक पायथन

घरच्या संगणकाची साफसफाई करण्याची लहर मला एका रविवारी दुपारी आली. संगणकावर लिनक्स होते आणि त्यात पायथन या संगणकभाषेच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यांपैकी जुनी, म्हणजे पायथन २, मी स्वतः बसवलेली होती. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा एक प्रोग्रॅम तिच्यावर चालत असे. दुसरी, पायथन ३, लिनक्सबरोबरच आलेली होती. एका म्यानात दोन तलवारी कशाला, असा सरळसोट विचार करून मी दुसरी आवृत्ती काढून टाकण्याची आज्ञा दिली. संगणकाने पडदाभर नावांची यादी दाखवली आणि पुढे जाऊ का, असे विचारले. यादी न वाचताच मी होकार भरला. काही मिनिटांत काम उरकले. संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा मात्र नेहमीचा डेस्कटॉप, खिडक्या, चित्रे यांपैकी काहीच समोर आले नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त नाव आणि पासवर्ड यांची विचारणा होती. डेस्कटॉपचे कितीतरी भाग त्या पायथनवर अवलंबून होते आणि न वाचलेल्या यादीत त्यांचीच नावे होती.

दोष सर्वस्वी माझ्या उतावीळपणाचा होता. परंतु लिनक्सवर पायथन शिकू पाहणाऱ्यांपैकी अनेकजण या वाटेने जाऊन ठेचकाळलेले आहेत. विंडोजवर बहुतेकांच्या संगणकात पायथन नसतेच. ज्याला हवे तो ते उतरवून घेतो आणि नको झाल्यावर काढून टाकतो. लिनक्सवर ते पाहुणे नसते, घरातलेच एक माणूस असते. त्यामुळे एकाच संगणकावर एकाच भाषेच्या दोन-तीन आवृत्त्या सुखाने कशा नांदवाव्यात, हा प्रश्न तेथे निराळेच रूप धारण करतो. रुबी, नोड, पीएचपी, जावा या भाषांनाही तो आहेच. पण पायथनच्या बाबतीत तो जितका गुंतागुंतीचा झाला तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या भाषेच्या बाबतीत झाला असेल.

मुळात आवृत्तीचा एवढा बाऊ का करावा लागतो, ते आधी पाहू. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम एकदा कंपाइल केला की त्याचे यंत्राला थेट कळणाऱ्या सूचनांत रूपांतर होते. पुढे तो चालवताना सीच्या कंपायलरची गरज उरत नाही. पायथनचे तसे नाही. पायथनमधील प्रोग्रॅम हा शेवटपर्यंत साध्या मजकुराचीच फाइल असतो आणि तो प्रत्येक वेळी चालवण्यासाठी इंटरप्रिटर, म्हणजे एक दुभाष्या, हजर असावा लागतो. दुभाष्या बदलला आणि त्याला जुन्या बोलीतील काही शब्द समजेनासे झाले, की कालपर्यंत व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम आज अडून बसतो. शब्द समजले नाहीत तर निदान तो तसे सांगतो तरी. शब्दाचा अर्थच बदललेला असेल, तर तो काही न बोलता निराळेच उत्तर देतो, आणि हे अधिक घातक.

पंधरा अक्षरांची मराठी

पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम हे डच संगणकतज्ज्ञ. १९८९ च्या नाताळच्या सुटीत काहीतरी विरंगुळा म्हणून अॅमस्टरडॅममधील राष्ट्रीय गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत काम करणाऱ्या गिडो यांनी ही भाषा रचावयास घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. नावाचा अजगराशी संबंध नाही. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ते घेतले आहे. ऑक्टोबर २००० मध्ये पायथन २ आले आणि लिनक्सच्या जगाने ते उचलून धरले. मात्र भाषेच्या पायातच काही चुका राहून गेल्या आहेत, असे गिडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मत होते. त्या दुरुस्त करावयाच्या तर जुने प्रोग्रॅम मोडणार, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी ते धाडस केले आणि ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३ प्रसिद्ध झाले.

बदल वरवर पाहता किरकोळ होते. पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या ‘प्रिंट’ या आज्ञेला कंस आवश्यक झाले. कंस नसलेला जुना प्रोग्रॅम नव्या पायथनपुढे ठेवला की तो पहिल्याच पावलाला थांबतो. हा बदल त्रासदायक, पण प्रामाणिक.

भागाकाराचे तसे नव्हते. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागले तर उत्तर ३ येत असे, कारण दोन पूर्णांकांच्या भागाकाराचे उत्तर पूर्णांकच असले पाहिजे, असा तेथे नियम होता. पायथन ३ मध्ये तोच भागाकार ३.५ असे उत्तर देतो. दोन्ही ठिकाणी प्रोग्रॅम चालतो, कोठेही तक्रार नाही. उत्तरे मात्र वेगळी.

तिसरा बदल आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, कारण तो अक्षरांविषयीचा आहे. संगणकात साठवलेला मजकूर म्हणजे शेवटी बाइट्सची रांग. इंग्रजीतील एक अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला मात्र आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट लागतात. पायथन २ मधील साधी अक्षरमाला ही प्रत्यक्षात बाइट्सची माला होती. ‘मराठी’ या शब्दाची लांबी त्याला विचारली, तर तो पंधरा असे सांगे. पायथन ३ पाच असे सांगते: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. आपल्या डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात, हा भाग वेगळा; पण पंधरापेक्षा पाच हे उत्तर सत्याच्या पुष्कळच जवळचे. पायथन २ मध्येही शब्दामागे एक विशेष खूण लावून युनिकोड अक्षरमाला वापरता येत असे, परंतु ती खूण एखाद्या ठिकाणी विसरली की पुढचा घोळ अटळ. पत्त्याच्या चिठ्ठीवर मावावे म्हणून नावाची पहिली दहा ‘अक्षरे’ घ्या, असे जुन्या पायथनला सांगितले, तर ‘मराठी’ या शब्दाचे ‘मरा’ एवढेच होई आणि त्यापुढे तुटलेल्या बाइटची एक प्रश्नचिन्हाची चौकट उमटे. इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा दोष वर्षानुवर्षे जाणवलाच नाही. मराठी, हिंदी, चिनी, जपानी लिहिणाऱ्यांना तो पहिल्या दिवशी जाणवे.

बारा वर्षांचे स्थित्यंतर

नवी आवृत्ती आली म्हणून जग लगेच तिकडे वळले नाही. कोणताही प्रोग्रॅम इतरांनी लिहिलेल्या दहा-वीस लायब्रऱ्यांवर उभा असतो. त्या लायब्रऱ्या पायथन ३ वर आल्याशिवाय प्रोग्रॅम हलवता येत नाही, आणि वापरणारे हलत नाहीत म्हणून लायब्रऱ्या लिहिणाऱ्यांना घाई नाही, असा तिढा पडला. २०१० मध्ये पायथन २.७ ही जुन्या घराण्याची शेवटची आवृत्ती आली. तिला २०१५ पर्यंतच सांभाळायचे ठरले होते. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवण्यात आली. १ जानेवारी २०२० रोजी तिचा पाठिंबा संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये २.७.१८ ही अखेरची दुरुस्ती निघाली. ई-पुस्तकांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘कॅलिबर’ या मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते कोविद गोयल यांनी एकेकाळी, गरज पडल्यास पायथन २ मी स्वतःच सांभाळीन, अशी भूमिका घेतली होती. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबरची पाचवी आवृत्ती पायथन ३ वर आली. म्हणजे २००८ ते २०२० अशी तब्बल बारा वर्षे दोन पायथन एकाच घरात राहत होते.

या काळात लिनक्सची वेगवेगळी वितरणे वेगवेगळ्या दिशांना गेली. नुसते ‘पायथन’ असे टाइप केले, तर कोणता पायथन सुरू व्हावा? आर्च लिनक्सने २०१० मध्येच उत्तर दिले: तिसरा. इतरांनी दुसराच ठेवला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या सहाव्या आवृत्तीत २.६, तर २०१४ च्या सातव्या आवृत्तीत २.७ हा पायथन होता आणि नवीन सॉफ्टवेअर बसवणारे ‘यम’ हे साधनच त्या पायथनमध्ये लिहिलेले होते. एखाद्याने उत्साहाने ‘पायथन’ हे नाव तिसऱ्या आवृत्तीकडे वळवले, की यम बंद पडे. मग चूक सुधारण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर बसवण्याची सोयही उरत नसे. ज्या फांदीवर बसायचे तीच तोडण्याचा हा प्रकार.

या अनुभवातून वितरणे शहाणी झाली. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीने प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठीचा पायथन एका बाजूच्या फोल्डरात, नेहमीच्या वाटेपासून दूर ठेवला आणि नुसते ‘पायथन’ हे नाव मुद्दाम रिकामेच सोडले. उबुंटूनेही ‘पायथन’ ही आज्ञा आपोआप देणे बंद केले. तेथे ‘पायथन३’ असे आकड्यासह म्हणावे लागते. ज्याला जुनी सवय सोडवत नाही, त्याच्यासाठी एक छोटे पॅकेज आहे. ‘पायथन म्हणजेच पायथन ३’ असे जाहीर करणारे त्याचे नाव आहे आणि तेवढेच त्याचे काम. डेबियनच्या २०२३ मधील बाराव्या आवृत्तीतून तर पायथन २ पूर्णपणे हद्दपार झाले.

आता सगळे तिसऱ्यावर आले, मग प्रश्न मिटला, असे कोणास वाटेल. तो मिटलेला नाही. २०२० पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये पायथनची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षांचे आयुष्य मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३.१४ आली आणि ३.९ निवृत्त झाली. प्रत्येक नव्या आवृत्तीत काहीतरी जुने गळते. २०१८ मधील ३.७ ने ‘असिंक’ हा शब्द भाषेसाठी राखून ठेवला, त्याबरोबर ते नाव आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरणारे सगळे अडले. २०२३ मधील ३.१२ ने लायब्रऱ्या बसवण्यासाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले ‘डिस्टयूटिल्स’ काढून टाकले. ३.१३ ने सीजीआय, टेलनेटलिब यांसारखी डझनाहून अधिक जुनी मोड्यूल्स वगळली. आकड्यांचाही एक सापळा आहे. ३.१० ही आवृत्ती ३.९ च्या नंतरची, पण तिला दशांश संख्या समजणारे साधन तिला ३.१ समजते. या एवढ्याशा गोष्टीने २०२१ मध्ये कितीतरी प्रोग्रॅमरांचा वेळ खाल्ला.

नाव एक, वाटा अनेक

आता लिनक्सच्या पोटात डोकावू, कारण येथले यंत्र समजले की पुढची सारी साधने आपोआप समजतात. आपण टर्मिनलमध्ये ‘पायथन३’ असे लिहून एंटर दाबतो, तेव्हा लिनक्स त्या नावाची फाइल शोधू लागते. ती संपूर्ण डिस्क धुंडाळत नाही. ‘पाथ’ नावाच्या एका चलात फोल्डरांची यादी ठेवलेली असते; त्या यादीतील पहिल्या फोल्डरात पाहायचे, तेथे नसेल तर दुसऱ्यात, नाहीतर तिसऱ्यात, असा क्रम असतो. जेथे त्या नावाची फाइल प्रथम सापडेल तेथे शोध थांबतो. पुढच्या फोल्डरात त्याच नावाची, अधिक नवी आवृत्ती असली तरी तिला कोणी विचारत नाही. तेव्हा आवृत्ती बदलण्याचा सर्वांत सौम्य मार्ग म्हणजे काहीही न काढता, न मोडता, आपल्याला हवे असलेले फोल्डर या यादीत अगदी पुढे आणून ठेवणे. आपण आत्ता नेमक्या कोणत्या फाइलशी बोलत आहोत, हे ‘विच’ ही आज्ञा सांगते. गोंधळ झाला की पहिला प्रश्न तिला विचारावा.

सापडलेली फाइल तरी खरी असते का? बहुधा नाही. ‘पायथन३’ हा केवळ एक दुवा, एक पाटी असते. तिच्यावर ‘खरे बिऱ्हाड पायथन ३.१२ येथे आहे’ असे लिहिलेले असते. पाटी बदलणे अतिशय सोपे असते, आणि सोपे असते म्हणूनच लोक ती बदलतात.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रोग्रॅमची पहिली ओळ. फाइलच्या आरंभी हॅशचे आणि उद्गारवाचक चिन्ह असेल, तर पुढे लिहिलेल्या इंटरप्रिटरकडे ही फाइल सोपवावी, असे लिनक्सचा गाभा समजतो. येथे लेखकापुढे दोन पर्याय असतात. इंटरप्रिटरचा संपूर्ण पत्ता लिहायचा, किंवा ‘एन्व’ या छोट्या मध्यस्थाचे नाव लिहून ‘यादीत जो पायथन प्रथम सापडेल तो घे’ असे म्हणायचे. लिनक्सची स्वतःची साधने सहसा पहिला पर्याय स्वीकारतात. त्यामुळे आपण पाथमध्ये काहीही मागेपुढे केले तरी ती आपल्या ठरलेल्या पायथनकडेच जातात. मात्र त्या पत्त्यावरची पाटीच जर आपण बदलली, तर ती बिचारी भलत्याच्या दारात उभी राहतात. वाट बदलणे सुरक्षित आणि पाटी बदलणे धोक्याचे, या भेदावर पुढचे सगळे उभे आहे.

उपाय आणि त्यांचे स्वभाव

डेबियन आणि उबुंटूमध्ये ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’ नावाची सोय आहे. एकाच कामाची अनेक साधने असतील, तर त्यांपैकी कोणते चालू मानावे हे ती ठरवते; मजकूर संपादक किंवा जावा निवडण्यासाठी ती उत्तम आहे. पायथन ३ ची आवृत्ती बदलण्यासाठी हीच सोय वापरा, असा सल्ला अनेक ठिकाणी आढळतो. तो मानू नये. ही सोय पाटी बदलते. उबुंटूमध्ये टर्मिनलची खिडकी उघडणारी फाइल हीच काही आवृत्त्यांत पायथनमधील प्रोग्रॅम होती आणि तिला लागणारे सीमध्ये लिहिलेले मोड्यूल केवळ प्रणालीच्या मूळ पायथनसाठी कंपाइल केलेले होते. पाटी बदलताच टर्मिनल उघडेनासे होई, आणि पाटी पूर्ववत करण्यासाठी हवे असते ते टर्मिनलच! डेबियनच्या मंडळींनी स्वतः पायथनसाठी ही सोय जाणूनबुजून वापरलेली नाही, यातच सारे आले.

मग दुसरा पायथन आणावा कसा? उबुंटूवर ‘डेडस्नेक्स’ नावाचे भांडार आहे. तेथे जुन्या-नव्या आवृत्त्या तयार स्वरूपात मिळतात आणि त्या आपल्या पूर्ण आकड्याच्या नावाने बसतात. पाटीला हात लावत नाहीत. स्वतः सोर्स कोडवरून पायथन बांधणाऱ्यांनी एक शब्द ध्यानात ठेवावा. नेहमीच्या ‘मेक इन्स्टॉल’ऐवजी ‘मेक अल्टइन्स्टॉल’ म्हणावे. पहिली आज्ञा ‘पायथन३’ हे नाव आपल्या ताब्यात घेते. दुसरी फक्त ‘पायथन३.१३’ असे पूर्ण नाव ठेवते. एवढ्या एका उपसर्गाने संध्याकाळ वाचते.

ज्यांना वरचेवर आवृत्त्या बदलाव्या लागतात, त्यांचे आवडते साधन म्हणजे पायएन्व. त्याची कल्पना रुबीच्या आरबीएन्व या साधनावरून घेतलेली आहे आणि ती मोठी चतुर आहे. ते आपल्या घरच्या फोल्डरात ‘पायथन’, ‘पिप’ इत्यादी नावांचे तोतये बसवते आणि ते फोल्डर पाथच्या यादीत सर्वांत पुढे ठेवते. आपण पायथन म्हणालो की हाक तोतयाला ऐकू जाते. तो पाहतो, आपण आत्ता कोणत्या फोल्डरात उभे आहोत. तेथे आवृत्तीची चिठ्ठी ठेवलेली असली, तर त्या आवृत्तीला तो हाक पोहोचवतो. एका फोल्डरात ३.८, शेजारच्या फोल्डरात ३.१३, आणि प्रणालीचा पायथन आपल्या जागी अस्पर्शित. प्रशासकाचे अधिकारही लागत नाहीत. एक अडचण आहे. पायएन्व प्रत्येक आवृत्ती आपल्या संगणकावरच कंपाइल करते. त्यासाठी ओपनएसएसएल, झेडलिब, एसक्यूलाइट आदींच्या विकासफायली आधी बसवलेल्या असाव्या लागतात. पायएन्वशिवाय, स्वतः सोर्स कोडवरून बांधताना ओपनएसएसएलची नसेल तर पायथन तयार होतो, चालतो, पण सुरक्षित जोडणी त्याला येत नाही. मग पिपने एकही लायब्ररी उतरत नाही आणि नवशिका इंटरनेटला दोष देत बसतो. फार जुने पायथन तर आजच्या ओपनएसएसएलशी अनेकदा जुळतच नाहीत.

येथे एक गल्लत नेहमी होते. ‘व्हेन्व’ हे साधनही अनेक पायथन सांभाळते, असे पुष्कळांना वाटते. ते आवृत्त्या सांभाळत नाही, लायब्रऱ्या सांभाळते. २००७ मध्ये इयान बिकिंग यांनी लिहिलेल्या ‘व्हर्च्युअलएन्व’पासून ही कल्पना सुरू झाली आणि २०१२ च्या पायथन ३.३ पासून ती भाषेबरोबरच मिळू लागली. ज्या पायथनने व्हेन्व तयार केले, त्याचीच पाटी त्यात असते. सोबत लायब्रऱ्यांसाठी एक स्वतंत्र कपाट. उबुंटू नव्या आवृत्तीवर नेले की कालची व्हेन्व मोडते, ती याचमुळे. तिची पाटी आता ३.१२ कडे बोट दाखवते आणि कपाटावर मात्र अद्याप ३.१० असे लिहिलेले असते. अशा वेळी दुरुस्तीच्या नादी न लागता ती टाकून देऊन नवी करावी. लायब्रऱ्यांची यादी फाइलमध्ये लिहून ठेवलेली असेल, तर पाच मिनिटांचे काम.

प्रणालीच्या कपाटात आपल्या लायब्रऱ्या कोंबण्याची सवय तर वितरणांनी आता सक्तीने मोडली आहे. २०२३ पासून डेबियन आणि उबुंटूमध्ये पिपने थेट काही बसवू गेल्यास, हे क्षेत्र बाहेरून सांभाळले जाते, असे सांगून तो नकार देतो. हट्टच असेल तर एक पर्याय आज्ञेला जोडता येतो; त्याचे नाव ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’, म्हणजे प्रणालीची पॅकेजेस मोड. इतके स्पष्टवक्ते नाव संगणकाच्या जगात क्वचितच आढळते. तरीही लोक ते डोळे मिटून लिहितात, आणि माझ्यासारख्या यादी न वाचणाऱ्याने त्यांना हसण्याचे कारण नाही.

विज्ञान आणि सांख्यिकी क्षेत्रांत कॉंडा लोकप्रिय आहे. ते पायथनबरोबर सी व फोर्ट्रानमधील लायब्रऱ्याही आणते, पण डिस्कवर बरीच जागा व्यापते. अलीकडे, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये, अॅस्ट्रल या कंपनीने रस्ट भाषेत लिहिलेले यूव्ही आणले. ते कंपाइल करण्याच्या भानगडीत न पडता आधीच बांधून ठेवलेले पायथन उतरवून घेते आणि व्हेन्व, पिप व पायएन्व या तिघांची कामे एकटे करते. वेगाच्या बाबतीत ते खरोखरच थक्क करणारे आहे. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवीन. मात्र आतले यंत्र तेच आहे: वाट बदला, पाटीला हात लावू नका.

पायथन २ अजून लागतोच, तर

काही ठिकाणी जुना प्रोग्रॅम बदलणारे कोणी उरलेले नसते आणि तो बंद करणेही परवडत नाही. अशा वेळी डॉकरसारखा कंटेनर बरा. २०१३ मध्ये डॉकरचे पहिले जाहीर दर्शन पायथनच्याच परिषदेत घडले होते. कंटेनरमध्ये लिनक्सच्या फाइलींची संपूर्ण वेगळी मांडणी असते, तिच्यात पायथन २.७ ठेवता येतो आणि बाहेरच्या प्रणालीला त्याची गंधवार्ताही नसते. पण २०२० नंतर पायथन प्रकल्पाकडून त्यात सुरक्षेची एकही दुरुस्ती झालेली नाही, हे विसरू नये. त्या कंटेनरची इंटरनेटशी जोडणी तोडून ठेवणे हिताचे. गावातील जुनी विहीर वापरात ठेवायची तर निदान तिच्यावर जाळी तरी हवी.

दुसरा मार्ग म्हणजे प्रोग्रॅमच नव्या आवृत्तीत नेणे. यासाठी पायथनबरोबर ‘टू-टू-थ्री’ नावाचे रूपांतर करणारे साधन मिळत असे, ३.१३ पासून तेही वगळले गेले. ते प्रिंटला कंस घाली, नावे बदली. भागाकाराला मात्र हात लावीत नसे, कारण लिहिणाऱ्याच्या मनात पूर्णांक होता की अपूर्णांक, हे यंत्राला कळण्याचा मार्गच नाही.

माझ्या संगणकाची कथा अर्धवट राहिली. काळ्या पडद्यावरून डेस्कटॉप परत आणण्याचा थोडा खटाटोप केला आणि शेवटी पेनड्राइव्हवरून लिनक्स नव्याने बसवले. घरच्या फोल्डरातील कागदपत्रे शाबूत होती. सोसायटीचा तो जुना प्रोग्रॅम मग चार संध्याकाळी बसून पायथन ३ वर नेला. दोन्ही आवृत्त्यांना एकाच वर्षाची माहिती देऊन निघालेल्या याद्या ओळीने ताडून पाहिल्या, तेव्हा नावे प्रथमच न तुटता छापली गेली होती. पण प्रत्येक सभासदाच्या रकमेत फरक होता. वर्षाची वर्गणी २५,००० रुपये, हप्ते बारा. जुना पायथन भागाकार करून २,०८३ असे पूर्णांकी उत्तर देत होता आणि बारा हप्त्यांचे मिळून २४,९९६ रुपयेच होत होते. सभासद ७२. म्हणजे दरवर्षी २८८ रुपये कमी. खजिनदारांना विचारले. त्यांनी शांतपणे वही काढून दाखवली. गेली कित्येक वर्षे ३१ मार्चला ‘किरकोळ फरक’ या नावाने ते तेवढीच रक्कम लिहीत आले होते. नव्या प्रोग्रॅममध्ये हप्ता पैशांपर्यंत मोजला जातो. ‘किरकोळ फरक’ आता २ रुपये ८८ पैसे आहे.